कपाटासकट खोली

माझ्या वर्गातल्या चष्मिसने पैज लावली तेव्हा मी हो म्हणायलाच नको होतं. पण तो म्हणाला, "तुझ्या ताईला एकदा किंचाळायला लाव, तुझी सगळी जर्नलं मी लिहितो." आकृत्यांसकट! तुम्ही नाही म्हणाला असता? मग दात काढू नका. आणि तो मोबाइल पालथा ठेवा, डोळ्यांवर उजेड येतोय. ही ऐकीव गोष्ट नाहीये. माझ्या सख्ख्या ताईची आहे.

ताई परदेशी शिकायला निघाली होती. प्रवेश झालेला, बॅगा आणलेल्या, गाडी अडली होती खोलीवर. तीन आठवडे घरात दुसरा विषय नाही. ताईने वहीत रकाने आखलेले: खिडकी, कुलूप, स्वयंपाकघर, कॉलेज किती लांब. बाबा नकाशावर बोटाने चालून बघायचे आणि दमायचे. आईचं आपलं एकच, "बाथरूम किती जणींत?"

चांगल्या खोल्या भराभर गेल्या. शेवटी दोन उरल्या. एक सहा जणींची, दोन बस बदलून जायची. दुसरी एकटीची, कॉलेज अकरा मिनिटांवर, भिंतीतल्या कपाटासकट. एवढी झकास खोली कुणीच कशी घेतली नाही, हे कुणी विचारलं नाही. मी तर नाहीच. मला जर्नलं दिसत होती.

बुधवारी दुपारी बारापर्यंत राहायचा पत्ता कळवायचा होता. नाहीतर व्हिसाचे कागद अडकणार, आणि ताईचं अख्खं वर्ष पाण्यात. म्हणून मंगळवारी रात्री व्हिडिओवर खोली बघायचं ठरलं. तिकडे संध्याकाळ, इकडे एक वाजून चाळीस मिनिटं. आई-बाबा घोरत होते. मी साडेबारापासून ताईच्या पलंगाखाली. झुरळासारखा आडवा.

ताई पलंगाच्या कडेला बसली. लॅपटॉप गादीवर, बरोब्बर माझ्या डोक्यावर. मला दिसत होते फक्त तिचे पाय. लोंबणारे.

तिकडची घरमालकीण सावकाश इंग्रजी बोलायची, म्हणून मलाही कळत होतं. "ही खिडकी. हे टेबल. हीटर चालू आहे."

"वा! छान आहे हो," ताई म्हणाली. खूश होती.

मी फळीवर वाजवलं. टक. टक. टक.

"तुमच्याकडे कुणी दार वाजवतंय का?" ताईने विचारलं.

मी तोंडात मूठ कोंबली. हसू आवरेना.

घरमालकीण म्हणाली, "कपाट रिकामं आहे."

माझं हसू थांबलं. ताईने कपाटाचं नावही काढलं नव्हतं.

"मी दारावर म्हणाले..." ताई म्हणाली.

"थांबा. दाखवते." बिजागरी कुरकुरली. हँगर एकमेकांवर आपटले. "बघा. काही नाही." दार बंद झालं.

मग...

टक.

माझी मूठ माझ्या तोंडात होती.

टक. टक.

फळी हलत नव्हती. मी दुसरा हात लावून बघितला. आवाज लॅपटॉपमधून येत होता.

टक.

समोरचे ताईचे पाय हळूच वर गेले. गादीवर. घरमालकीण भरभर काहीतरी बोलली, पावलं वाजली, फोन कट.

ताई किंचाळली नाही. मी बाहेर आलो नाही. ती वर जागी, मी खाली जागा. पहाटे ती बाथरूमला गेली तेव्हा मी सटकलो.

सकाळी तिने सहा जणींची खोली बघितली. रात्रीतून गेली होती.

"मग ती एकटीची घे," बाबा म्हणाले. "अकरा मिनिटं आहे फक्त."

"नको मला ती."

"अगं पण का?"

"नको म्हटलं ना बाबा! नाही जायचं मला कुठेच." आणि रकान्यांची वही छातीशी धरून ती रडायला लागली. आवाज न करता. ताई तशी रडली की मला बघवत नाही. घड्याळात अकरा वाजून गेले होते.

"मी वाजवलं होतं," मी म्हणालो. "पलंगाखालून."

ताईने वर बघितलं. "सगळं?"

"...सगळं."

"आधीचं पण? नंतरचं पण?"

"हो गं बाई, सगळं!"

बाबांनी कान असा पिळला की अजून एक कान लांब आहे. ताईने उशी फेकून मारली, मग रडता रडता हसली, आणि बाराला दहा मिनिटं असताना पत्ता भरला. चष्मिस म्हणाला, ती किंचाळली नाही, पैज रद्द. मी भांडलोसुद्धा नाही. स्वतःला सांगत होतो, स्पीकर खराब असेल. माझाच आवाज फिरून आला असेल.

ताईला तिथे जाऊन पाच आठवडे झाले. परवा रात्री तिचा फोन आला. मजेत होती.

"माकडा, तुझी आठवण आली ना की मी झोपताना कपाटावर तीनदा वाजवते."

"...मग?"

"मग काय? झोपते. बरं, एक फोटो पाठवलाय, बघ. आज कपाट आवरताना दिसलं."

मी फोटो उघडला. कपाटाच्या दाराची आतली बाजू. खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर, रंग गेलेला. नाण्याएवढा गोल. आत लाकूड गुळगुळीत, किंचित खोलगट.

"एकाच जागी ठोकून ठोकून होतं तसं झालंय ना?" ताई म्हणाली. "पण आतून कोण..."

तिच्या हीटरची घरघर ऐकू येत होती.

"ताई," मी म्हणालो, "तू आत्ता कुठे बसलीयेस?"

"पलंगावर. का रे?"

"उठ. खोलीच्या बाहेर जा. मग सांगतो."

"परत सुरू झालं तुझं?"

"शप्पथ, नाही. ताई... त्या रात्री मी तीनदाच वाजवलं होतं."