बाकीचा हत्ती

उरुसातल्या फोटोवाल्याने आपल्या पडद्यावर एक भलामोठा हत्ती रंगवून घेतला होता. सोंड वर, पाठीवर लाल झूल, आणि पुढ्यात एक खुर्ची. आर्णीच्या बायाबापड्या नटूनथटून त्या खुर्चीत बसत होत्या. मलिका मात्र खुर्चीकडे पाठ करून नुसती हत्तीलाच न्याहाळत उभी होती.

"नखं जास्त झाली..." मागून कुणी तरी म्हणालं.

ती वळली. उंच, सावळा, अंगात नवा कोट. बोटांच्या पेरांत मात्र काळं तेल मुरलेलं.

"एवढी सोंड दिसली नाही, झूल दिसली नाही — अन् नखं दिसली?"

"सोंडेले काय पाह्यचं!" तो जरा गडबडला. "मी जिथं होतो ना, तिथल्या हत्तीच्या पुढच्या पायाले चार नखं. मागच्याले तीन."

"कुठं होते तुमी?"

"आफ्रिकेत. नैरोबीले. सफारीच्या कंपनीत."

मलिकाच्या मुठीतली बांगड्यांची पुडी इतकी घट्ट दाबली गेली, की आतली एक बांगडी कटकन फुटली.

फुटणारच! एकोणीस वर्षांची ही पोर यवतमाळच्या पलीकडे कधी गेली नव्हती आणि म्हणूनच तिचा पाय घरात ठरत नव्हता. तिचे अब्बा इकबाल मिस्त्री लॉऱ्या दुरुस्त करायचे. घरामागच्या आवारात वणीच्या, चांद्याच्या, नागपूरच्या गाड्या यायच्या आणि ठाकठीक होऊन निघून जायच्या. चहा देताना ती प्रत्येक ड्रायव्हरला विचारायची, "पुढं काय हाय?" ड्रायव्हर म्हणायचे, "पुढं? रस्ता." गाडी गेली की ती धूळ खाली बसेपर्यंत फाटकात उभी राहायची. मग दिवसभर कशातच जीव लागायचा नाही.

तिसऱ्या दिवशी नव्या कोटातला तो प्राणी चक्क त्यांच्याच आवारात हजर! कोट खुंटीला, अंगात बनियन, आणि स्वारी अब्बांच्या दोन वर्षं बंद पडलेल्या जुन्या लॉरीखाली.

"हा मोहिउद्दीन. सुट्टीवर आला हाय," अब्बा म्हणाले. "हात गंजू नये म्हणून येतो म्हणते."

आवारातल्या चहाच्या फेऱ्या दोनाच्या पाच झाल्या. जोहराबी फुफी, म्हणजे मलिकाला लहानाची मोठी करणारी तिची आत्या, ओसरीवर सुपारी कातरत बसायची. अडकित्ता सुपारीवर आणि डोळा लॉरीवर.

"तुमी घरात उर्दू बोलता, मग माझ्यासंग वऱ्हाडी काहून?" मलिकाने एकदा विचारलं.

"सहा वर्षं वऱ्हाडी बोलायले माणूस नव्हतं तिथं. भल्ली भूक लागलती." त्याने कपातून डोळे वर केले. "अजून भागली नाही..."

मलिकाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिने घाईने विषय बदलला. "सफारी म्हणजे काय हो?"

"आपला सफरच की. तिथल्या बोलीत प्रवासाले सफारीच म्हणते."

"अन् जिराफ? कसा असते?"

"खूर ताटाएवढा. मधोमध चिरलेला. पाऊल टाकते ना, तर घाई म्हणून नाही..."

"अन् मान?"

"मान... असते लांब. पण हत्तीचं ऐक. एवढं धूड, तरी पाऊल वाजत नाही! गादीवर चालल्यासारखं. आवाज येते तो पोटाचा."

ती ऐकत राहायची आणि चहा निवून जायचा. रात्री उशीवर डोकं टेकलं की डोळ्यांसमोरून पाय चालत जायचे... नखांचे, खुरांचे, संथ, प्रचंड पाय.

शुक्रवारी मोहिउद्दीनची आई लग्नाचा पैगाम घेऊन आली. अब्बा म्हणाले, पोरीला विचारतो. फुफी म्हणाली, "उरूस उठायच्या आत काय ते सांग. पोराले उगाच लटकत ठेवू नको."

मलिकाचा होकार तर ओठांवरच होता. जहाज, समुद्र, नैरोबी! पण एक प्रश्न तिला टोचत होता. मन कुणावर बसलं होतं — मोहिउद्दीनवर, की त्याच्या हत्तीवर? तिने तो प्रश्न झटकला आणि चहा घेऊन निघाली.

तो लॉरीबाहेर बसला होता. कपाला त्याने हात लावला नाही.

"हो म्हणायच्या आधी ऐक, मलिका. मी वापस जाऊन नाही राह्यलो."

"म्हणजे?"

"तिथं आझादी आली. कंपनीच्या साहेबांनी तंबू, मोटारी सारं विकलं अन् निघून गेले. मोटारदुरुस्तीच्या कारखान्याले कुलूप लागलं. सुट्टी नाही ही... माझं कामच गेलं. लाजेपायी सुट्टी म्हटलं. काल तुझ्या अब्बांले सांगितलं, आज तुले."

मलिकाने रिकामा ट्रे छातीशी धरला.

"अन् अजून एक. सहा वर्षं मी कारखान्यातच होतो. रानात दोनदाच गेलतो, गाडी मोडली तेव्हा. दोन्ही वेळा जनावरं आली, तेव्हा मी गाडीखाली उताणा. बाहेर निघायची सोय नव्हती. मी... मी फक्त पाय पाह्यले. हत्तीचेही, जिराफाचेही. बाकीचा हत्ती मले माहीत नाही."

सगळं तिच्या ध्यानात आलं. नखं. खूर. चिरा. मान विचारली की गडबडणं...

"मंग मले कायले दाखवले ते पाय?" तिचा आवाज चिरकला. "आर्णीतच राह्यचं होतं तर कशाले दाखवले?"

ट्रे तिथेच टाकून ती घरात निघून गेली.

दोन दिवस तिने आवारात पाऊल टाकलं नाही. चहा अब्बाच नेत होते. पहिल्या दिवशी तिला रडू आलं ते आफ्रिकेसाठी, आणि ते रडणं खरं होतं. अख्खी दुनिया हातात येऊन निसटली होती. दुसऱ्या दिवशी पोळ्या करपल्या, दूध उतू गेलं. लॉरीखाली पाना वाजला की ती दचकायची, वाजायचा थांबला की त्याहून जास्त दचकायची. दुपारी पाना बराच वेळ वाजला नाही. मोहिउद्दीन गेला की काय? मलिका लाटणं हातात घेऊनच खिडकीशी धावली. लॉरीखालून त्याचे दोन पाय बाहेर आलेले दिसले, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

खिडकीतून ती त्या पायांकडे बघत राहिली. धुळीने माखलेले, उजव्या अंगठ्याचं नख काळवंडलेलं. यांत ना जहाज होतं, ना समुद्र. तरी नजर हलेना. हत्तीची गोष्ट संपली होती, आणि मन मात्र होतं तिथेच होतं. खोटं बोलून हा होकार घेऊ शकला असता. घेतला नाही. टोचणारा तो प्रश्न असा आपोआपच सुटला.

उरुसाच्या शेवटच्या संध्याकाळी फुफी दर्ग्यावर चादर चढवायला गेली, अब्बा बाजारात. मलिका आवारात आली. लॉरी फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला ढकलून ठेवलेली होती. ती खाली वाकली.

"सरका थोडं."

"आँ?"

"सरका ना! मले पाह्यचं हाय, कसं दिसते ते."

ओढणी कमरेला खोचून ती पाठीवर सरपटत आत शिरली. तेलाचा, तापल्या लोखंडाचा वास. इतक्या जवळून त्याचा श्वास तिने कधी ऐकला नव्हता.

तेवढ्यात ढोरं आली. गावाकडे परतणारा अख्खा कळप लॉरीच्या दोन्ही बाजूंनी वाहू लागला. खूर, खूर, धूळ, घंट्या... जमीन पाठीखाली थरथरली. मलिकाने त्याचा हात केव्हा धरला ते तिलाच कळलं नाही. सगळ्यात मागून एक म्हैस आली आणि चाकाशी येऊन थांबली. चार काळे, जाड पाय. वरचं काहीच दिसत नव्हतं.

"हत्ती..." मलिका कुजबुजली.

"हालू नको," तोही तसाच कुजबुजला.

म्हैस फुरफुरली आणि निघून गेली. दोघांना हसू आवरेना.

"ऐका," हसू थांबल्यावर ती म्हणाली. "पाय तुमी पाह्यले. बाकीचा हत्ती दोघं मिळून पाहू. कधी का असेना. पण मी आर्णीत बसून राह्यणार नाही."

"मले तरी कुठं बसवते? ही लॉरी उद्या चालू होते. भाडं वणीपर्यंतचं हाय. रस्त्यात रान लागते, रोही दिसते, म्हणजे नीलगाय. घोड्याएवढी."

"तिचं तोंड दिसन?"

"कानांसकट दिसन. मी चालवीन अन् तू बाजूले बसशीन. खाली कोणी नाही जात आता." तो अडखळला. "म्हणजे... तू हो म्हटलं तर..."

"लॉरीखाली येऊन अजून काय सांगू, कपाळ!"

त्याच वेळी फुफी दर्ग्यावरून परतत होती. लॉरीखालून बाहेर आलेले चार पाय तिला दिसले. दोन तेलकट, आणि दोन उरुसासाठी लावलेल्या मेंदीचे. ती क्षणभर थांबली, ओढणीच्या पदरात हसली आणि पेढे आणायला पुन्हा बाजाराकडे वळली.