अर्ध्यावर सोडलेली विमानं

या, जरा पुढे सरकून बसा. दारात उभे आहात त्यांनीही आत या, जागा आहे. आज सेशेगो गावच्या मालेसेला मास्तरांची गोष्ट सांगतो. ऐकताना मनात शंका आली तर येऊ द्या, पण मधेच उठून मात्र जाऊ नका. ही गोष्टच मधे उठून जाण्याची आहे.

मास्तरांनी उभा जन्म भूगोल शिकवण्यात घालवला. निवृत्त झाले तेव्हा घरात ते आणि त्यांची बायको मोसिमा, दोघंच. एकुलती एक मुलगी रायसिबे हवाई दलात भरती होऊन देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, पश्चिम किनाऱ्यावरच्या तळावर विमान शिकायला गेली होती. दर रविवारी चर्च सुटलं की तिचा फोन यायचा.

"कसं चाललंय?" मास्तर विचारायचे.

"बरं चाललंय."

मास्तरांनी हे 'बरं' हजारो पोरांच्या तोंडून ऐकलं होतं. नापास होणारं पोर असंच बोलतं. खोदून विचारल्यावर कळलं की बाकी सगळं जमतंय, उतरवणं जमत नाही.

आता मुलीला काय जमत नाही हे कळायला आपल्याला ते आलं पाहिजे, असं मास्तरांच्या डोक्यात आलं आणि डोक्यात आलेलं त्यांनी कधी सोडलं नव्हतं. कॉम्प्युटर आला, विमान हाकायचा दांडा आला, कानांवर हेडफोन आला, टेबलाखाली पायांनी दाबायच्या दोन पट्ट्या आल्या. रायसिबे शिकत होती तेच विमान या खेळात होतं आणि कुणा हौशी माणसाने तिचा तळही जसाच्या तसा बनवून ठेवला होता. पडद्यावर ऊन येऊ नये म्हणून मास्तरांनी खिडकीला जाड चादर ठोकली.

"अहो रायसिबेचे बाबा, पायाखाली काय आहे ते? शिलाई मशीन?" मोसिमाने दारातून विचारलं.

"रडर आहे. विमान वळवायला."

"मग वळवता वळवता माझ्या प्रार्थनेच्या लाल ब्लाउजला टीप तरी मारा. कधीपासून सांगतेय."

शिकवणारा होता खेरित. हवाई दलातून निवृत्त झालेला हा गोरा बोअर म्हातारा बेला-बेला गावाजवळ स्वतःच्या मळ्यावर राहायचा आणि नवशिक्यांना हेडफोनवरून फुकट शिकवायचा. फुकट असल्यामुळे शिव्याही मोकळ्या हाताने द्यायचा.

"मास्तर, विमान आहे ते, बैल नाही. शेपूट काय पिरगाळताय?"

"मी काहीही पिरगाळत नाहीये."

"नाक वर घ्या. वर म्हणजे वर. आकाश कुठल्या बाजूला असतं हे भूगोलात शिकवत नाहीत वाटतं?"

नाक वर घेतलं की वेग मरायचा, खाली घातलं की धावपट्टी अंगावर यायची. चाकं टेकली तर विमान बेडकासारखं उड्या मारत गवतात जायचं. मास्तर टेकीला आले. मग त्यांना सगळ्या नवशिक्यांना लागते ती सवय लागली. उतरताना धावपट्टी जरा तिरकी दिसली, की "बास झालं आता," म्हणून खेळ बंद करायचं कडेचं बटण दाबायचं आणि उठायचं. विमान हवेत, मास्तर स्वयंपाकघरात.

"सगळेच करतात," खेरित म्हणाला. "खेळ बंद, विमान बंद. ते काय वाट बघत बसणार आहे तुमची?"

एका दुपारी इंटरनेट गेलं होतं. मास्तर एकटेच उडत होते. तळावर घिरटी घालून उतरायला वळले, तर पुढे एक विमान. त्यांच्यासारखंच, लाल नाकाचं. चाकं काढून, नाक खाली घालून, वाकडंतिकडं धावपट्टीकडे चाललेलं. ते टेकेल म्हणून मास्तर थांबले. ते टेकलं नाही. धावपट्टीच्या तोंडाशी आलं आणि पुन्हा मागे, जिथून निघालं तिथेच दिसायला लागलं.

काहीतरी बिघडलंय, असं म्हणून मास्तरांनी बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी दोन विमानं होती.

त्यांनी खेळ काढून टाकला, नव्याने भरला. तीन झाली. मग ती इतकी झाली, की उतरायला वाटच राहिना. मास्तर वैतागून टेबलावर मूठ आपटायचे, बटण दाबायचे, आणि एकाची भर पडायची.

शेवटी त्यांनी खेरितला आपल्या आकाशात बोलावलं.

"मास्तर," खेरित म्हणाला, "एवढी माणसं कुणी जमवलीत?"

"माणसं? ती विमानं आहेत. आपोआप आलीत."

खेरित एका विमानाच्या अगदी जवळ गेला.

"आत कुणीतरी आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "तुमच्यासारखं वाकून बसलंय." मग त्याच्या बाजूने खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्या दिवसानंतर खेरितने मास्तरांचा फोन उचलला नाही.

त्या रविवारी रायसिबेचा फोन आला तेव्हा तिचा आवाज बसलेला होता.

"बाबा, मी दोनदा उतरता उतरता विमान परत वर घेतलं. पुढे विमान होतं. मी कशी उतरणार? मागे बसलेले सर म्हणतात, आकाश मोकळं होतं. टॉवरवालेही तेच म्हणतात. त्यांना वाटतं मी घाबरते."

"कसलं विमान होतं?"

"आमच्यातलंच. पण चालवणारा अगदी कच्चा असावा. नाक खाली घालून, वाकडं. शुक्रवारी शेवटची संधी आहे. तिसऱ्यांदा वर घेतलं तर घरी पाठवतील."

मास्तरांनी फोन ठेवला. ती काय म्हणाली, असं मोसिमा विचारत होती.

खेळात एका विमानातून दुसऱ्यात जायची सोय असते. सोमवारी सकाळी मास्तर पहिल्या विमानात शिरले. इंधनाचा काटा तळाला होता, तरी इंजिन चालू होतं. हेडफोनमध्ये कुणीतरी पुटपुटत होतं. त्यांनी आवाज वाढवला.

"बास झालं आता. बास झालं. अरे, किती वेळ."

आवाज त्यांचाच होता.

या वेळी मास्तर उठले नाहीत. विमान आपटत, रखडत का होईना, त्यांनी धावपट्टीवर आणून थांबवलं. कानातल्या आवाजाने एक लांब श्वास सोडला आणि तो गप्प झाला. पुन्हा वर पाहिलं तर आकाशात एक विमान कमी होतं.

मग त्यांनी खाणं-पिणं टेबलापाशीच आणून घेतलं. एकेक विमान खाली आणायचं. एकेका आवाजाचं वैतागणं ऐकायचं आणि ते शांत होईपर्यंत दांडा सोडायचा नाही.

"पाप फेडताय की काय?" मोसिमाने ताट ठेवताना विचारलं.

"उतरवतोय," मास्तर म्हणाले.

गुरुवारी संध्याकाळी एकच विमान उरलं होतं. बाहेरच्या खोलीत मोसिमाच्या प्रार्थनामंडळाच्या बायका जमल्या होत्या. एकीने ओळ उचलायची, बाकीच्यांनी तिला साथ द्यायची, असं त्यांचं गाणं चाललं होतं. देवाच्या त्या सुरांची गंमत बघा, मास्तरांचे हात इतक्या दिवसांत पहिल्यांदाच स्थिर झाले. नाक किंचित वर. वेग बेताचा. धावपट्टी सरळ समोर.

कानातला आवाज म्हणाला, "आलं. आलं बहुतेक."

जमीन वर येत होती.

पुरुषभर उंची राहिली.

आणि लोडशेडिंग सुरू झालं.

पडदा काळा. पंखा बंद. चादरीमुळे खोलीत डोळ्यात बोट घातलं तरी दिसेना. मास्तर टेबलावर मेणबत्ती चाचपडत राहिले. "मोसिमा, दिवे गेले का गं?" त्यांनी हाक मारली. बायका अंधारातही गातच होत्या. तिला ऐकू गेलं नाही.

दोन-अडीच तासांनी दिवे आले. मास्तरांनी लगेच खेळ सुरू केला. आकाश रिकामं होतं. धावपट्टी रिकामी होती. शेवटचं विमानही कुठे नव्हतं. मास्तर तिथेच खुर्चीशी गुडघे टेकून बसले आणि त्यांनी देवाचे आभार मानले.

शुक्रवारी दुपारी फोन आला.

"बाबा, उतरले," रायसिबे म्हणाली. "एकटीने. सरांनी हात मिळवला."

मास्तरांना रडूच आलं. "आकाश मोकळं होतं ना?"

उत्तराऐवजी रायसिबेनेच विचारलं.

"आई जवळ आहे का?"

"स्वयंपाकघरात आहे. बोलावू?"

"नको. बाबा, एक होतं. धावपट्टीच्या अगदी कडेला, पुरुषभर उंचीवर. चाकं काढलेलं. ते पुढे जात नव्हतं, खाली येत नव्हतं. म्हणून मी त्याच्या शेजारून उतरले. लख्ख ऊन होतं, सगळं स्पष्ट दिसलं. आतला माणूस काळोखात बसल्यासारखा दोन्ही हातांनी चाचपडत होता." तिचा आवाज बारीक झाला. "ओठ हलत होते त्याचे. कुणाला तरी काहीतरी विचारत होता. काय ते कळलं नाही."

मास्तर फोन कानाला लावून गप्प उभे होते.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून मोसिमाचा वैतागलेला आवाज आला.

"आले हो दिवे, कालच आले. सकाळपासून किती वेळा तेच विचारताय?"

तर मंडळी, मास्तर आज आहेत, धडधाकट आहेत, कॉम्प्युटरला त्यांनी परत हात लावलेला नाही. मुलगी मोठी विमानं उडवते. त्यांची काळजी नका करू. तुमच्या घरी दिवे जातील आणि परत येतील, तेव्हा तुम्ही हुश्श म्हणाल. त्या क्षणी अंधारातच राहिलेल्या त्या दुसऱ्याची तेवढी आठवण ठेवा.