वेळ उरल्यास

दोन दारांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत तो अडकला, तेव्हा चूक सर्वस्वी त्याचीच होती. मतदानाची घंटा सुरू झाल्यापासून सभागृहाची दारं मिटेपर्यंत किती अवकाश मिळतो, हे त्या इमारतीत त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. सभागृहाच्या दिवसाचा क्रम तोच आखायचा. कोणतं विधेयक आधी, कोणता मंत्री कुणानंतर, जेवणाची सुट्टी कुठे – सारं त्याच्या पेन्सिलीतून उतरायचं. कामकाज शाखेत त्याला नावानं कुणी हाक मारीतच नसे; सगळे 'वेळापत्रक' म्हणत. आणि तरीही त्या दुपारी, हातातल्या कागदांत बघत चालताना, त्याच्यामागे आतलं दार मिटलं, पुढे बाहेरचं मिटलं आणि पहारेकऱ्यानं कडी सरकवली. मतमोजणी संपेपर्यंत आता कुणालाच ये-जा नव्हती.

कोपऱ्यातल्या बाकावर एक मुलगी बसली होती. मांडीवर वही, बोटांवर शाई. सभागृहातला शब्द न् शब्द टिपून घेणाऱ्या लघुलेखकांपैकी ती एक. आपली पाळी संपवून ती बाहेर निघाली होती.

"तुम्हीसुद्धा?" ती म्हणाली. "मग आम्ही कुणाच्या भरवशावर घड्याळ लावायचं?"

त्याला छानसं उत्तर सुचलं... पण दार उघडून, ती निघून गेल्यावर, जिन्याच्या वळणापाशी. त्याचं नेहमी असंच व्हायचं.

त्यानंतर लघुलेखकांच्या खोलीत त्याची कामं निघू लागली. क्रमात बदल झाला की पूर्वी तो शिपायाबरोबर निरोप धाडायचा. आता स्वतः जायचा. ती मान वर न करता म्हणायची, बदल झाला वाटतं, आणि तो म्हणायचा, हो, किंचित. खोलीतले बाकीचे लोक तेवढ्यापुरते फारच मन लावून लिहू लागत. पुढे उपाहारगृहातल्या खिडकीजवळच्या टेबलावर दोघांचा दुपारचा चहा एकत्र होऊ लागला. उन्हाची तिरीप टेबलावरून सरकत तिच्या मनगटापर्यंत यायची, आणि तो तिच्याकडे बघायचं सोडून त्या तिरिपेकडे बघत बसायचा.

उन्हाळी सुट्टी जवळ आली होती. या खेपेला सुट्टीनंतर हे सभागृह पुन्हा भरणार नव्हतं. त्याची मुदत संपून निवडणुका लागणार होत्या. जी विधेयकं प्रलंबित राहतील ती सगळी त्याबरोबर आपोआप रद्द होणार होती. तिची नेमणूकही मुदतीपुरतीच होती. सुट्टी लागली की ती आपल्या गावी परतणार, हे तिनं सहज सांगितलं. त्यानं ते सहज ऐकल्यासारखं केलं.

तिचा थोरला भाऊ जन्मापासून बहिरा होता. त्याच्याविषयी ती एका दुपारी बोलली, चहा निवत असताना. आई इस्पितळात वारली तेव्हा दादा तिच्या उशाशी होता. डॉक्टर बोलले, परिचारिका बोलल्या, कागदावर सही घेतली, खाट हलवली – पण काय झालं हे त्याला समजेल असं कुणी सांगितलं नाही. ती इथे सभागृहात लिहीत होती. संध्याकाळी ती पोचेपर्यंत दादा रिकाम्या खाटेपाशी आईची चादर घडी करून, हातात धरून उभा होता.

इस्पितळात आणि न्यायालयात अशा माणसांसाठी दुभाषी असलाच पाहिजे, असं एक छोटंसं विधेयक गेली काही अधिवेशनं पडून होतं. त्याला विरोध करणारं कुणी नव्हतं, आणि घाई असणारंही कुणी नव्हतं. दिवसाच्या क्रमाच्या अगदी तळाशी एक मथळा असतो – 'वेळ उरल्यास'. ते विधेयक नेहमी तिथे असायचं. वेळ कधीच उरत नसे. तो मथळा दर वेळी त्यानंच लिहिला होता.

"मी काही मागत नाहीये," ती म्हणाली. "तुम्ही विचारलंत, म्हणून सांगितलं."

मग वातावरण हलकं करावं म्हणून तिनं लहानपणी दादानं आणि तिनं मिळून केलेल्या खुणा दाखवल्या. डाव्या मनगटावर मूठ ठेवायची आणि ती हळूच उघडायची: वेळ आहे, घाई करू नकोस. त्यानं करून पाहिलं. मूठ फारच घाईनं उघडली, असं म्हणून ती हसली.

घरी ताईला त्याचं गप्प राहणं लगेच कळलं. सगळ्या जगाला वेळ वाटून देतोस आणि स्वतःचं म्हणून जे काही आहे ते तळाशी ढकलतोस, असं ती पोळी वाढता वाढता म्हणाली. तिला त्या मथळ्याविषयी काहीच ठाऊक नव्हतं. त्यानं मात्र हातातला घास ताटात परत ठेवला.

शेवटच्या आठवड्याचा क्रम ठरवायच्या आदल्या दिवशी तो सचिवसाहेबांसमोर उभा राहिला. ते विधेयक अखेरच्या दिवशी प्रश्नोत्तरांनंतर लगेच घेता येईल, चर्चा थोडी आहे, सदस्य तेव्हा हजर असतात, असं त्यानं मांडलं. एवढ्यावर थांबता आलं असतं. पण आपण हे कुणासाठी करतो आहोत, हा प्रश्न रात्रभर त्याला टोचत होता.

"साहेब, ज्या घराला याचा फटका बसला, ते घर माझ्या ओळखीचं आहे," तो म्हणाला. "त्यामुळे माझा सल्ला तेवढा वजा धरून ठरवावं."

साहेबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "इतक्या वर्षांत तू पहिल्यांदाच स्वतःहून बोललास," ते म्हणाले. "वजा कशाला धरू, वेळापत्रक?" कामकाज ठरवणाऱ्या समितीनं तो क्रम मान्य केला.

अखेरच्या दिवशी प्रश्नोत्तरांतच गोंधळ झाला. घोषणा, कागदांचे कपटे, आणि मग तहकुबी. त्यानं जपून राखलेला अवकाश डोळ्यांदेखत विरघळला. सभागृह पुन्हा भरलं ते जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर. त्यानं साहेबांकडे चिठ्ठी सरकवली: सुट्टी रद्द करून हे विधेयक घेता येईल. साहेबांनी ती अध्यक्षांना दाखवली, अध्यक्षांनी सभागृहाला विचारलं, आणि मागच्या बाकांवरून कुरकुर झाली तरी चर्चा उभी राहिली. शेवटी खर्चावरून नाराज असलेल्या एका सदस्यानं मतविभागणी, म्हणजे एकेकाचं नाव पुकारून मोजणी, मागितली. निम्मे लोक सामान बांधून बाहेर व्हरांड्यात होते. घंटा वाजू लागली.

लघुलेखकांच्या टेबलावर पाळी बदलली. ती उठली आणि त्या दाराकडे निघाली. बाहेरून सदस्य लगबगीनं आत येत होते. त्याला बाहेर पडायला पुरेसा वेळ होता. तो चालत गेला आणि दोन दारांच्या मध्ये थांबला. कडी सरकली.

तिनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग मिटलेल्या दाराकडे.

"या खेपेला चुकून नाही," ती म्हणाली.

"नाही."

आत नावं पुकारली जात होती. भिंतीपलीकडून नुसती गुणगुण येत होती. तिनं वही छातीशी घट्ट धरली होती.

"तुम्ही उद्या जाल..." तो म्हणाला. "माझं तुमच्यावर प्रेम आहे. हे मी रोज कशाच्या तरी खाली लिहीत आलो. आत काहीही ठरलं, तरी हे तसंच राहील."

तिनं वही उघडून कोऱ्या पानावर बोट ठेवलं.

"सदस्यांकडे आम्ही त्यांचं भाषण तपासायला पाठवतो," ती मग म्हणाली. "तुम्हाला काही दुरुस्ती करायची आहे?"

"एका शब्दाचीही नाही."

आत एकाएकी बाकं वाजू लागली. एक, मग दहा, मग सगळं सभागृह. विधेयक मंजूर झालं होतं. दारं उघडली, आणि दोन्हीकडून माणसं, आवाज, रणरणतं ऊन त्यांच्यामध्ये घुसलं. गर्दीनं तिला व्हरांड्याकडे ओढलं, त्याला भिंतीशी. तिचे ओठ हलले, पण त्या कल्लोळात काहीच ऐकू आलं नाही.

मग तिनं वही काखेत धरली. डोळे भरून आले होते. माणसांच्या डोक्यांवरून त्याला दिसेल असं डावं मनगट उंच धरलं, त्यावर मूठ ठेवली –

आणि हळूच उघडली.