तिनं भरलेला अर्ज

दार न ठोठावता आत शिरायची तिची जुनी खोड. मदत केंद्रात नवा समुपदेशक आलाय, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती तरातरा आत गेली, रिकामी खुर्ची उचलली आणि म्हणाली, "बाहेर एका आजोबांना चक्कर आलीय, नेते हं!" तो नुसता हसला... आणि त्या दिवशी बाईसाहेबांचं जेवणात काही लक्ष लागलं नाही.

ती केसवर्कर. लोकांच्या घरी जायचं, कागद जमवायचे, कुणाला काम तर कुणाला भाड्याची खोली मिळवून द्यायची. केंद्रात सगळे तिला भिंगरी म्हणत. आणि त्याला, अर्थातच, मौनीबाबा.

"दिवसभर नुसतं ऐकता. पगार कशाचा घेता हो?" चहा पिताना ती डिवचायची.

"गप्प बसण्याचा. अवघड असतं, करून बघा."

"त्या शिवणकामवाल्या बाईंना खोली कुणी मिळवून दिली? मी!"

"आणि नव्या खोलीतही त्यांना झोप का येत नव्हती, ते—"

"बरं बरं, कळलं!"

अशी दोन वर्षं गेली. तिला तो आवडायचा, भयंकर आवडायचा. पण बोलणार कोण? समोरच्याच्या तोंडी आपले शब्द घालायचे नाहीत, ही त्याच्या कामाची शिस्त. आणि हिला शब्द सुचतच नसत, कामं सुचत.

मग एकदा त्यानं बदलीचा कोरा अर्ज तिच्यापुढे ठेवला. "लांबच्या केंद्रात जागा आहे. जावं की नाही, ठरत नाहीये. तुम्हाला काय वाटतं?"

आणि या वेडीनं केलं काय? अर्ज ओढून घेतला, सुवाच्य अक्षरात भरला, त्याची सही घेतली आणि आठवड्याच्या आत मंजुरी आणून त्याच्या हातात दिली! माणूस अडलेला दिसला की त्याचं काम मार्गी लावायचं, एवढंच तिला येत होतं. तोही निमूट "थँक्यू" म्हणाला.

आज तो निघणार होता. ती त्याची पुस्तकं बांधत होती.

"तिकडे खोली बघून ठेवलीय. पाणी चोवीस तास. घरमालकीणबाई प्रेमळ आहेत..."

"झालं सगळं?"

"हो. म्हणजे... झालं."

तिनं सुतळीची गाठ मारली, सोडली, परत मारली. आणि एकदम रडूच फुटलं तिला.

"तुम्ही जाऊ नये असं वाटतं मला! तेव्हाच सांगायचं होतं. मूर्ख आहे मी."

"मी महामूर्ख," तो म्हणाला. "तुम्ही 'जाऊ नका' म्हणाल म्हणून वाट बघत बसलो. मला तुम्ही आवडता, एवढं साधं वाक्य... तेही जमलं नाही."

"मग आता?"

"आता तिथली माणसं थांबलीयत माझ्यासाठी. वर्षभर तरी जावंच लागेल."

"वर्षभर!" तिनं डोळे पुसले. "दर रविवारी मी येईन. सकाळची गाडी किती वाजता असते, ते विचारून—"

"अगं," तो म्हणाला. पहिल्यांदाच. "गाडीचं मग बघू. आत्ता जरा बस ना माझ्याजवळ."

ती बसली. निघायला वीस मिनिटं उरली होती, आणि त्यातलं एकही तिला कुणाच्या कामासाठी द्यायचं नव्हतं.