पाण्यातली वाट

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे खरं घडलेलं आहे. माझी मावशी दातांची डॉक्टर. भुताखेतांच्या गोष्टी ती हसण्यावारी नेते. ही गोष्ट मात्र तिने मला एकदाच सांगितली, तीही काका घरात नसताना.

गेल्या उन्हाळ्यातली. रात्र नव्हती, सकाळचं लख्ख ऊन होतं.

काकांना निवृत्तीनंतर पक्षी बघायचं वेड लागलेलं. दोघं गावाबाहेरच्या पाणथळीवर गेली होती. जंगल संपतं तिथे पाणी सुरू होतं. काठावर लाकडी खोपट. आत एक बाक, समोर बघायला आडवी फट.

उन्हाळ्याने पाणी आटलेलं. उरलेल्या डबक्यात बदकांची दाटी. कलकलाट असा, की शेजारचं बोलणं ऐकू येईना.

"ते तपकिरी कोणतं गं?" काका ओरडले.

"बदक!"

"ते कळतंय मला!"

मावशी हसली. आणि...

कलकलाट थांबला.

एकदम. रेडिओ बंद करावा तसा.

तिने दुर्बीण लावली. पलीकडच्या काठाजवळची बदकं बाजूला सरत होती. उडत नव्हती, बिथरलीही नव्हती. गर्दीत कुणाला वाट करून द्यावी, तशी सरकत होती.

मधे मोकळ्या पाण्याची एक वाट झाली.

ती वाट पुढे येत होती...

मासा असेल, मावशीने मनाला समजावलं. पण पाणी जेमतेम घोटाभर. आणि त्यावर साधा तरंगही नव्हता.

"चला, निघू या," ती कुजबुजली.

काकांचं लक्षच नव्हतं.

वाट काठाला लागली. काठावरचे बगळे बाजूला झाले. खोपटाचं दार उघडंच होतं, बाहेर वाळक्या पानांचा थर. मावशीने जिवाचा कान केला.

पान वाजलं नाही.

आणि काका बाकावर सरकले...

थेट तिला खेटून बसले. दाराच्या बाजूला एका माणसापुरती जागा सोडून.

मावशीने त्यांचा दंड धरला आणि जवळजवळ ओढतच गाडीपर्यंत आणलं.

"अगं, झालं काय?"

"तुम्ही सरकलात कशाला?"

"मी? कधी?"

घरी पोचल्यावर काका गाडीतून उतरले. अंगणात कबुतरं दाणे टिपत होती. काकांना बघून ती बाजूला झाली, पुन्हा दाण्यांवर आली.

मग काकांच्या मागे, जरा अंतर ठेवून... परत बाजूला झाली.

"ह्यांना काही बोलू नकोस," मावशी मला म्हणाली. "छान जेवतात, झोपतात. मीच रात्र रात्र जागी असते."

तेवढ्यात काका आले. मावशीने विषय बदलला. इकडचं तिकडचं बोलून मी उठलो.

काका मला सोडायला दारापर्यंत आले. हसले.

"या पुन्हा," म्हणाले.

दारात मी एकटाच होतो. आणि काका मला जन्मात कधी अहो-जाहो करत नाहीत.