तिसऱ्या पानाची शेवटची ओळ

"अहो, पाय! पाय उचला!"

झेरॉक्सच्या दुकानात ती ओरडली आणि त्याने पाय उचलला. चुकीचा. दुसरा तिच्या कागदावर तसाच.

"दुसरा हो!"

"दोनच आहेत. सापडेल आत्ता."

मशीन अडकलं होतं, दुकानदाराने वैतागून कागद खेचले होते आणि तिची पानं फरशीभर झाली होती. तिसऱ्या पानावर बुटाचा अख्खा ठसा. ती काहीतरी जबरी बोलणार, तेवढ्यात त्याने पान उचललं, बघितलं... आणि त्याचा चेहराच उतरला.

"तुम्हीपण हे वाजवताय?"

त्याच्या हातातही तेच. दोन ड्रमसाठी लिहिलेलं, टिंबांनी इतकं काळंकुट्ट की लांबून वाटावं शाई सांडलीय. ड्रमवाले ही पानं एकमेकांना दाखवून घाबरवतात. आणि लिहिणाऱ्याचा निर्लज्जपणा बघा — तिसऱ्या पानाच्या शेवटच्या ओळीत भल्याभल्यांचे हात गळतात, आणि नेमकं तिथेच त्याने लिहून ठेवलंय, 'सहज वाजवा.'

"सहज!" ती म्हणाली. "भेटू दे तो मला एकदा."

"मी धरतो, तुम्ही मारा."

ती हसली. हसायचं नव्हतं खरं तर.

संध्याकाळी तालमीच्या खोलीत गेली, तर समोरच्या ड्रममागे हाच बसलेला. सर म्हणाले, "हा तुझा जोडीदार. प्लॅस्टिकच्या बादल्या उलट्या ठेवून स्वतःच शिकलाय. सगळे बादलीच म्हणतात. आणि बादली, हिला आम्ही वकीलबाई म्हणतो. का ते कळेल."

त्याला दहा मिनिटांत कळलं.

तीन वर्षं ती मागच्या रांगेत उभी राहून झांजा वाजवत होती. अख्ख्या कार्यक्रमात चार वेळा 'झण्ण' करायचं आणि घरी जायचं. ह्या वेळी पहिल्यांदा पुढे, मधोमध, स्वतःचा ड्रम. ही जागा हातची गेली तर परत झांजा, हे तिला माहीत होतं. म्हणून ती कुणालाच सोडत नव्हती. बादलीला तर नाहीच.

शेवटच्या ओळीचा घोळ असा, की तिने चार ठोके वाजवायचे आणि तेवढ्याच वेळात त्याने पाच. दोघं फक्त पहिल्या ठोक्याला एकत्र, पुढे ज्याचं त्याने बघायचं. कागदावर सोपं आहे. हातांना मात्र वेड लागतं.

रोज तेच. तीन पानं झकास, मग शेवटची ओळ... आणि धाडधाड धाड, जिन्यावरून भांडी पडल्यासारखं.

"सॉरी," तो म्हणायचा. "माझं चुकलं."

"रोज तुझंच कसं चुकतं रे? पाच मोजायचेत. हाताला बोटं किती आहेत तुझ्या?"

"दोन्ही हात धरून सांगू का?"

"बादली!"

"सॉरी."

एवढं झापलं तरी हा माणूस दुसऱ्या दिवशी तिचा स्टँड तिच्या उंचीला लावून ठेवायचा. तिच्या घामट हातातून ड्रमची काडी निसटायची म्हणून काड्यांना पट्टी गुंडाळून द्यायचा. आणि ती पट्टी इतकी नीट असायची की तिला अजूनच राग यायचा. माणसाला एवढं सगळं जमतं, मग पाच का जमत नाहीत?

"कोण गं तो, ज्याला रोज फोनवर झापतेस?" आईने विचारलं.

"कोणी नाही."

"जो कोणी नाही, त्याला एवढा वेळ कोण झापतं?"

कार्यक्रम तीन दिवसांवर आला तेव्हा सरांचा पण संयम संपला. त्यांनी दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं, कानात ताल मोजणारी टिकटिक लावून दिली आणि ज्याचं त्याचं फोनवर रेकॉर्ड करायला लावलं. मग दोन्ही फोन टेबलावर ठेवून एकदम चालू केले.

तिसरं पान. शेवटची ओळ. चार आणि पाच, पाण्यासारखे... एक चूक नाही.

सरांनी दोन्ही फोन उचलून उलटसुलट करून बघितले. "म्हणजे तुमचे फोन तुमच्यापेक्षा चांगले वाजवतात. स्टेजवर त्यांनाच बसवू का?"

सरांनी तिला बाजूला घेतलं. "पोरी, समोरासमोर बसलं की हा तुझ्याकडे सरकतो. पाच सोडून तुझे चार धरतो. घड्याळाला बोलावू का? त्याची तालीम झालेलीच आहे. तू बोल, तसं करू."

घड्याळ म्हणजे त्यांच्यातला तो एक, ज्याच्या बाजूला घर पडलं तरी ज्याचा ठोका हलत नाही. त्याच्याबरोबर तिची जागा पक्की होती. ती 'हो' म्हणणारच होती. तोंडापर्यंत आलं होतं.

"विचारते त्याला," ती म्हणाली. का म्हणाली, देव जाणे.

तो बाहेर व्हरांड्यात काड्या पुसत बसला होता. तिने सांगायच्या आधीच म्हणाला, "सरांचं ऐकलं मी. घड्याळाबरोबर वाजव. खरंच. तुझी जागा जायला नको. मी झांजा घेतो."

झालं. तिचं डोकं सटकलंच.

"परत सरकलास!"

"काय?"

"हेच! हेच करतोस तू! मी नुसती आले, तोवर तू उठून जागा दिलीस. कुणी मागितली होती? शेवटच्या ओळीत पण असंच करतोस. का सरकतोस माझ्याकडे? खरं सांग. आणि सॉरी म्हणालास तर हा ड्रम डोक्यात घालीन."

तो उघडलेलं तोंड बंद करून बसला. मग काड्या खाली ठेवल्या.

"सांगू? तू पळतेस."

"...मी?"

"तू. एकटी असलीस की बरोबर वाजवतेस. माझे पाच ऐकू आले की घाईघाईत तालाच्या पुढे पळायला लागतेस. तू ताल चुकून पडशील म्हणून मी माझं सोडून तुझ्याबरोबर येतो. मग दोघं पडतो."

"आणि रोज स्वतःवर घेत होतास?"

"हो."

"का पण? मूर्ख आहेस का?"

"आवडतेस म्हणून," तो म्हणाला. तोही आता चिडला होता, कान लाल झाले होते. "आवडतेस तू मला. आणि तू पळतेस. दोन्ही खरं आहे. आता घाल ड्रम डोक्यात."

तिला रागवायचं होतं. नक्की कशावर, ते ठरेना... कारण आठवून बघितलं तर खरंच, ती पळत होती.

"आधी सांगायला काय झालं होतं?" शेवटी ती म्हणाली. आवाज जरा बारीकच निघाला.

"यातलं कुठलं?"

"दोन्ही!" ती वळली. "ऊठ. घड्याळ नको. आणि ऐक, मी पडले तर पडू दे. तू तुझ्या जागेवरून हललास ना, तर बघच."

कार्यक्रमात ती पडली.

शेवटची ओळ सुरू झाली, समोरून पाच आले आणि तिचे हात पळाले. एक ठोका... दीड... तिने वर बघितलं. तो बघतच नव्हता. मान खाली, दात आवळलेले, हात ठाम. पाच, पाच, परत पाच. तिला सोडून निघालेला, हरामखोर. तिने ओठ चावला, एक ठोका गिळला आणि पुढच्या पहिल्या ठोक्याला स्वतःच्या पायांवर परत आली. धाड! दोघं एकत्र. मग पुन्हा चार, आणि पुन्हा पाच, आणि कुणी कुणाकडे सरकलं नाही.

टाळ्या वाजल्या तेव्हा तिच्या लक्षात आलं, आपण रडतोय आणि शिव्याही देतोय.

नंतर दोघं तिच्या ड्रमची जड पेटी मागच्या जिन्याने उतरवत होते. तो खालच्या बाजूला, उलटा चालत.

"थांबलो नाही," तो म्हणाला. "वाईट वाटलं?"

"थांबला असतास ना, तर लग्न सोड, चहालासुद्धा आले नसते तुझ्याबरोबर."

तो मध्येच उभा राहिला. "लग्न?"

"पायऱ्या बघ."

"लग्न म्हणालीस."

"बोलण्याच्या भरात म्हणाले. मागे बघ, पायरी आहे."

"पण म्हणालीस ना?"

"म्हणाले, बाबा, म्हणाले! आता मागे बघ—"

त्याने बघितलं नाही. पायरी चुकली आणि तो पेटी मांडीवर घेऊन सरळ खाली बसला. लागलं बिगलं काही नाही. वर बघून वेड्यासारखा हसत होता नुसता.

"ऊठ," ती म्हणाली. "लोक यायचेत."

तो उठेना.

"काय माणूस आहे," ती म्हणाली, आणि पेटीला वळसा घालून त्याच पायरीवर त्याच्या शेजारी जाऊन बसली.