बार्बुदाचे ठसे

पोर्तोच्या टांकसाळीत मी हातोडा मारायचो. खालचा ठसा ओंडक्यात रोवलेला, वरचा दुआर्तेच्या मुठीत, मध्ये चकती. एक घाव, एक नाणं. शेजारच्या कास्तिल राज्याशी लढाई जुंपली आणि खर्चासाठी राजाने नवं नाणं काढलं, बार्बुदा. त्यावर शिरस्त्राण घातलेलं डोकं, तोंडावरची झडप मिटलेली. चांदी नावाला, बाकी तांबं. बाजारात मासेवाल्या आम्हाला पाहून थुंकायच्या. "पोरं नेलीत, आता हा पत्रा घ्या म्हणता?"

माझा धाकटा भाऊ लोपोही त्याच लढाईवर होता.

एका गुरुवारी दुपारी नवे ठसे आले. पहिल्याच नाण्यावर झडपेची फट मला जरा रुंद वाटली.

"हात हलला तुझा," दुआर्ते म्हणाला.

"ठसा तू धरलायस. माझ्यावर ढकलू नकोस."

पुढच्या नाण्यावर फटीत डोळे होते. त्याच्या पुढच्यावर झडप उघडी आणि आत माणसाचा चेहरा, आ वासलेला. मी वरचा ठसा उलटून पाहिला, खालचा बोटाने चाचपला. ठशात कोरलेली झडप मिटलेलीच होती.

दुआर्तेने नाणं उजेडात धरलं. "हा तर आमच्या गल्लीतला फेर्नाव!"

फेर्नाव लोपोच्याच तुकडीत होता. मी हातोडा खाली ठेवला.

मुकादम मार्तीम पेरेश तरातरा आला. नाण्यांकडे त्याने पाहिलंही नाही. "सैन्य पगारावाचून अडलंय आणि तुम्ही चित्रं बघताय? मार! नाहीतर उद्या साखळीत घालतो दोघांना."

मी मारलं. दर घावाला वेगळा चेहरा. सगळे ओळखीचे.

मग नाण्यावर लोपो आला.

मुकादम पाठीशी उभा होता. मी दुसरी चकती ठेवली. पुन्हा लोपोच, डोळे घट्ट मिटलेला.

मी मारत राहिलो.

तह झाला. टांकसाळ थंडावली. द्राक्षांची तोडणी संपता संपता, भर दुपारी, लोपो चालत घरी आला. शिरस्त्राणासकट. अंगावर साधा ओरखडा नाही. आईने कोबीचं कढण वाढलं.

"अरे, काढ की आता ते डोक्यावरचं."

तो माझ्याकडे वळला. "दादा, अजून किती मारशील?"

माझे हात रिकामे होते.

"झडप तरी उचल, बाळा. जेवशील कसा?"

त्याने झडप उचलली.

आत आणखी एक झडप होती. मिटलेली.